वैनीला एमएस आहे, ताप आल्यापासून पाय पार आखडलेत – हा नवीन अटॅक का? घरी काळजी कशी घ्यायची?

नंदगडकर:
मंडळी नमस्कार, जरा मोठं लिहितोय पण वाचून ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा. आमच्या वैनीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, वय ३९. सुरुवात डोळ्यापासून झालेली, एका डोळ्यानं धुरकट दिसायचं आणि डोळा फिरवला की दुखायचं, ते महिन्याभरात आपोआप बरं झालं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पुढं कमरेखाली मुंग्या, पाय जड, चालताना झोक जायला लागला तेव्हा बेळगावात एमआरआय केला, पाठीतलं पाणी काढून तपासलं, मग नाव कळलं. डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूल चालू आहेत. गेल्या पावसाळ्यापर्यंत वॉकर धरून परड्यात यायची, चुलीपाशी खुर्चीवर बसून भाकरी थापायची, आता बहुतेक वेळ सोप्यात कॉटवरच असते.

दादा वास्कोला कामाला, शनिवारी येतो. घरी आई, मी आणि दादाची पोरगी नववीतली. आईचं वय ६८, तीच सगळं बघते.

चार दिवसांपूर्वी वैनीला थंडी वाजून ताप आला आणि तेव्हापासून पाय एकदम ताठ झालेत, गुडघे आत ओढले जातात, सरळ करायला गेलं की अजून आखडतात आणि थरथरतात. उभी राहायचं नाव नाही. बोलणं जड झालंय, चहा पिताना ठसका लागतो. गावातले डॉक्टर म्हणतात एमएसचा अटॅक असणार, स्टिरॉइडची सलाईन लावू. लघवी पॅडमध्येच होते आणि वास येतोय. परत परत पॅड बदलायला लागू नये म्हणून वैनी स्वतःच पाणी कमी पिते, आईनं सांगून पण ऐकत नाही. काल अंग पुसताना आईला माकडहाडावर लाल डाग दिसला, रुपयाएवढा. शेजारचे म्हणतात वारं गेलंय, झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं न्या. काय करावं कळेना झालंय. स्टिरॉइड लावू का थांबू?

स्टाफनर्स_शहापूर:
भाऊ, आधी हे ऐका. एमएसमध्ये बिघाड दिसला की दर वेळी तो अटॅकच असतो असं नाही. खरा अटॅक म्हणजे नवीन त्रास, किंवा जुना त्रास परत वाढून तो २४ तासांच्या वर टिकला पाहिजे आणि ते सुद्धा अंगात ताप किंवा इन्फेक्शन नसताना. तुमच्या वैनींना थंडी वाजून ताप आहे, लघवीला वास आहे, पाणी कमी. हे वाचून माझ्या डोक्यात पहिलं आलं ते लघवीचं इन्फेक्शन. या आजारात मेंदू आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण झिजलेलं असतं, शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी त्या नसांतून निरोप नीट जात नाही, मग जुने सगळे त्रास एकदम वर येतात. पाय, बोलणं, गिळणं, सगळंच. ताप उतरून इन्फेक्शन गेलं की बरंचसं परत येतं.

त्यामुळं स्टिरॉइड लावायच्या आधी लघवीची रुटीन आणि कल्चर तपासणी करायलाच पाहिजे, कल्चरचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी घ्यायचा म्हणजे कुठलं औषध लागू पडेल ते नीट कळतं. छाती पण तपासून घ्या, ठसका लागतोय म्हणताय. आणि तुमच्या न्यूरोलॉजिस्टना फोन करा, आजच. स्टिरॉइड वाईट नाही, खऱ्या अटॅकला साधारण ३ ते ५ दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन देतात आणि त्यानं माणूस लवकर सावरतो. पण अंगात इन्फेक्शन असताना ते दिलं तर इन्फेक्शन भडकतं, शुगर वाढते. ताप १०० च्या वर गेला की पॅरासिटामॉल आणि साध्या पाण्यानं अंग पुसणं चालू ठेवा, यात ताप अंगावर काढायचा नाही.

पाण्याचं आईंनाच नाही, वैनींनाही नीट सांगा. पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते, मूत्राशय अजून चिडतं, घाई वाढते आणि इन्फेक्शन पण होतं, म्हणजे पॅड काही कमी होत नाहीत. दिवसभरात दीड ते दोन लिटर जाऊ दे, त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहा-सातच्या आत, मग रात्रीचा त्रास आपोआप कमी होतो. आणि एक गोष्ट लोकांना पटत नाही, पॅड ओलं होतंय म्हणजे लघवी पूर्ण होतेय असं नसतं. आत साठून राहते आणि वरची वर गळते. सोनोग्राफीत लघवी झाल्यावर किती उरते ते मोजतात, ते करून घ्या. जास्त उरत असेल तर डॉक्टर दिवसातून ४ ते ६ वेळा बारीक नळीनं लघवी काढायला शिकवतात. स्वच्छ हात, स्वच्छ नळी, लघवी झाली की नळी बाहेर. कायमची नळी आणि बॅग लावण्यापेक्षा त्यात इन्फेक्शन कमी होतं आणि हात चालत असतील तर वैनी स्वतः करू शकतील. कायमची नळी लावायची वेळ आलीच तर बॅग नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकवायची नाही, आणि ती गच्च भरेपर्यंत वाट बघायची नाही.

आता तो लाल डाग. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. बोटानं त्यावर दाबून सोडा. दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनसुद्धा लालच राहिलं तर बेडसोअरची पहिली पायरी झालीय असं धरा. दर २ तासांनी कूस बदलायची, रात्री सुद्धा. एकदम पूर्ण कुशीवर नाही, पाठीला उशी लावून अर्धवट तिरकं, म्हणजे माकडहाड पण सुटतं आणि खुब्याच्या हाडावर पण भार येत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटरीखाली मऊ उशी म्हणजे टाचा अधांतरी राहतील. वर सरकवताना ओढायचं नाही, खाली आडवी चादर घालून दोघांनी चादरीसकट उचलायचं, ओढल्यानं कातडी आतून फाटते. लाल जागेवर मालिश करू नका, स्पिरिट, हळद, पावडर काही लावू नका, मधे भोक असलेली रबरी रिंग तर अजिबात वापरू नका, तिच्यानं कडेचं रक्त दाबलं जातं. एअर बेड चांगला, पण तो घातला म्हणून कूस बदलायची थांबवायची नाही. आम्ही वॉर्डात भिंतीला कागद लावतो, वेळ लिहायची आणि पुढं डावं, उजवं, पाठ. घरी पण लावा, पोरगी लिहील.

कातडी उघडली, पाणी सुटलं, ताप परत थंडी वाजून आला, लघवी बंद होऊन पोट ताठलं, पेशंट गुंगीत वाटली, यातलं काहीही झालं तर वाट बघू नका, रात्र असली तरी बेळगावला आणा.

फिजिओ_टिळकवाडी:
सिस्टरनी बरोबर सांगितलंय. मी फक्त पायांचं बोलतो. पाय आखडणं अचानक वाढलं की मी पेशंटच्या घरी गेल्यावर पाय नंतर बघतो, आधी विचारतो लघवी कशी, शौच कधी झालं, कुठं जखम, नख रुतलंय का, कपड्याची नाडी घट्ट आहे का. खालच्या अंगाला काहीही टोचत असलं की पेशंटला ते जाणवत नाही पण स्नायूंना जाणवतं आणि पाय ताठतात. वैनींच्यात इन्फेक्शन, डाग अशी कारणं आधीच दिसताहेत. अजून एक सांगा, आखडण्यासाठी बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन चालू आहे का? असली तर वेळेवर जातेय का?

नंदगडकर:
सिस्टर, खूप उपकार. उद्या सकाळी लघवी तपासायला नेतोय. डाग दाबून बघितला, पांढरा होतोय. सर, बॅक्लोफेन चालू होती पण इथल्या मेडिकलमध्ये संपलीय, येणार येणार म्हणतोय, त्यामुळं ती पाचेक दिवस गेलेली नाही. दुसऱ्या गोळ्या चालू आहेत म्हणून चालेल असं वाटलं. त्याचा काही संबंध आहे का?

फिजिओ_टिळकवाडी:
संबंध आहे, आणि मोठा आहे. उद्या नाही, आत्ता न्यूरोलॉजिस्टना फोन लावा. बॅक्लोफेन कधीच एकदम बंद करायची नसते. एकदम थांबली की पाय उलट दुप्पट आखडतात, ताप येऊ शकतो, माणूस भ्रमल्यासारखं करतं, झटके सुद्धा येऊ शकतात. आणि इतक्या दिवसांचा खंड पडल्यावर जुना पूर्ण डोस आपल्या मनानं चालू करू नका, त्यांना विचारा किती पासून चढवायचं. खानापुरात नाहीतर बेळगावात कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळते. इथून पुढं १५ दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची पट्टी घरात आली पाहिजे असा नियमच करा.

स्टाफनर्स_शहापूर:
सर बरं विचारलं तुम्ही, माझ्याकडून हे राहिलंच असतं. भाऊ, फोन झाला की इथं लिहा.

निपाणीवाला:
मी स्वतः एमएसचा पेशंट, वय ४४, काठीवर चालतो. वैनींच्या बाजूनं थोडं लिहितो कारण घरच्यांना आतलं दिसत नाही. हातपाय जातात ते लोकांना दिसतं पण थकवा दिसत नाही. सकाळी अंघोळ करून बाहेर आलो की मला तासभर पडावंच लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये तर दुपारी हातातला तांब्या सुद्धा पेलवत नाही. बघणारा म्हणतो चांगला धडधाकट दिसतोय आणि झोपून राहतोय. तेव्हा जे काही करायचं, अंघोळ, व्यायाम, तपासणीला जाणं, ते सकाळच्या गारव्यात. कडक पाण्याची अंघोळ नको, कोमट. गाडीतून नेताना ओला टॉवेल मानेवर ठेवा, ताप नसला तर गार ताक द्या.

दुसरं मन. या आजारात नैराश्य खूप जणांना येतं, काही वेळा परिस्थितीनं आणि काही वेळा मेंदूतल्या आजारानंच. वैनी गप्प गप्प असतील, जेवण टाकत असतील तर त्याला नाटक म्हणू नका, डॉक्टरांना सांगा, गोळ्यांनी फरक पडतो. मला पडला.

औषधाचं सांगतो. कॅप्सूल चालू असूनही वैनी चालत्याच्या कॉटवर आल्या असतील तर हा प्रश्न न्यूरोलॉजिस्टना सरळ विचारा, आजार आता कुठल्या टप्प्यात आहे आणि हेच औषध पुढं चालवायचं का. काहींचा आजार सुरुवातीला अटॅक येऊन सावरणारा असतो आणि पुढं हळूहळू उतरणीचा होतो, तेव्हा औषध बदलायचा विचार करतात. मला ६ महिन्यातून एकदा रिटुक्सिमॅबची सलाईन असते. ऑक्रेलिझुमॅब पण असंच ६ महिन्यांनी देतात पण ते महाग. रिटुक्सिमॅब भारतात बनतं म्हणून पुष्कळ स्वस्त पडतं, आपल्याकडं बरेच डॉक्टर तेच देतात. ही सलाईन चालू करायच्या आधी कावीळ बी आणि टीबीची तपासणी लागते. आणि अक्वापोरिन आणि मॉग अँटिबॉडीची रक्ततपासणी कधी झालीय का ते फाइलमध्ये बघा. एमएससारखाच दिसणारा एनएमओ नावाचा वेगळा आजार आहे, डोळा आणि मणका दोन्ही त्यात सापडतात, आणि एमएसची काही औषधं त्यात उलट नुकसान करतात. एकदा ती खात्री झालेली बरी. कॅप्सूल चालू असेपर्यंत ठरलेल्या वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घेत चला, त्या कमी होतात.

दाखवायला बेळगावात केएलई हॉस्पिटलला न्यूरोलॉजी आहे, तुम्हाला खानापूरहून गोव्याचं बांबोळीचं मेडिकल कॉलेज पण फार लांब नाही आणि दादा तिकडंच आहे. अवघड केस असेल तर बेंगलोरचं निम्हान्स, मेंदू आणि मनाच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल. आम्ही निपाणीचे लोक कोल्हापूर-मिरजेला जातो.

झाडपाल्याचं मी स्पष्ट सांगतो, नको. त्यात काय मिसळलंय कुणाला माहीत नसतं, चालू गोळ्या बंद करायला लावतात आणि लिव्हरवर जातं. शेजारी मायेनं सांगतात हे खरं, पण हा वाऱ्याचा आजार नाही.

हुक्केरीची_लेक:
माझ्या आईला एमएस होता, मी शेवटपर्यंत केलंय म्हणून लिहिते. ठसक्याकडं लक्ष द्या भाऊ. पातळ चहा-पाणी गिळायला सगळ्यात अवघड, घट्ट पदार्थ सोपा, हे आधी आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. नाचणीची आंबील जरा दाट शिजवून, गुरगुट्या भात, भाकरी आमटीत पूर्ण भिजवून कुस्करून. चहा तिला आवडायचा तर मी त्यात बिस्किट पूर्ण विरघळवून चमच्यानं द्यायची. आडवं झोपवून कधीच भरवू नका, पाठ सरळ, हनुवटी थोडी छातीकडं, छोटा चमचा, एक घास उतरल्याशिवाय दुसरा नाही, आणि भरवताना टीव्ही बंद. जेवल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवा. जेवणानंतर आवाज घोगरा, पाणी भरल्यासारखा झाला तर अन्न श्वासाच्या वाटेला जातंय असं समजा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.

शौचाचं, सकाळी गरम काहीतरी पोटात गेलं की अर्ध्या तासानं कमोडच्या खुर्चीवर बसवायचं, रोज त्याच वेळी, होवो न होवो. इसबगोल पाणी भरपूर जात असेल तरच द्या, पाणी कमी आणि इसबगोल जास्त झालं की आतच घट्ट होतं. आणि ठसका लागतोय तोवर इसबगोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आता एक नाजूक बोलते. तुमची वैनी ३९ वर्षांची बाई आहे आणि कॉट सोप्यात आहे, म्हणजे येणारा जाणारा प्रत्येकजण तिला बघतो. पॅड बदलताना, पाळी असताना तिला काय वाटत असेल. पाणी कमी पिण्याचं खरं कारण तेच असणार, मी आईचं बघितलंय. दोरी बांधून जाड पडदा लावा, त्याला काही खर्च नाही. अंघोळ आणि पॅड आई करतात ते ठीक, पण ६८ व्या वर्षी एकट्या आईची कंबर जाईल, तेव्हा उचलायला, कूस बदलायला तुम्ही पडद्याच्या आत जायला लाजू नका, वैनीला विचारून जा. काहीही करायच्या आधी तिला विचारा, "वैनी आता या अंगाला वळवू का". पोरीवर सगळं टाकू नका, नववीतली आहे ती. आणि दादा शनिवारी येतो तेव्हा एक रात्र आईला पूर्ण झोप मिळू दे, त्या रात्री कूस बदलायचं काम त्याचं.

नंदगडकर:
ताई, पडद्याचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आईला वाचून दाखवलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग ट्रंकेतली जुनी चादर काढून दिली. आज लावला.

अपडेट सांगतो. न्यूरोलॉजिस्टना त्याच रात्री फोन लागला, त्यांनी बॅक्लोफेन कमी डोसपासून चढवत न्यायला सांगितली, गोळी खानापुरातून आणली. लघवीत भरपूर पस सेल (पुवाच्या पेशी) आहेत, कल्चर पाठवून अँटिबायोटिक चालू केलंय, छाती साफ आहे म्हणाले. स्टिरॉइड आत्ता नको म्हणाले, इन्फेक्शन गेल्यावर बघू. ताप कालपासून नाही. पाय पूर्वीसारखे नाहीत पण गुडघा हातानं सरळ होतोय आणि बोलणं बरंच सुटलंय. लघवी झाल्यावर पोटात २२० मिली उरतेय असं सोनोग्राफीत आलं, नळीचं शिकवायला पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

सर, पायांचा व्यायाम कधी चालू करू? आणि कुणी सांगेल का, अपंगत्वाचं सर्टिफिकेट एमएसला मिळतं काय? इथं एकजण म्हणाला पाय तुटलेला असेल तरच मिळतं.

फिजिओ_टिळकवाडी:
ताप पूर्ण जाऊन दोन दिवस झाले की चालू करा. पाय हळू, अगदी हळू सरळ करायचा, जिथं अडतो तिथं अर्धा मिनिट नुसतं धरून ठेवायचं, स्नायू आपोआप सैल पडतो. जोर लावून झटक्यानं ओढलं की तो उलट लढतो. टाच हातात धरून पाऊल वर दाबणं विसरू नका, नाहीतर पाऊल खाली पडून तसंच आखडतं. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा बास. तेल हलक्या हातानं चालेल, रगडून नको, आणि गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, पायाला जाणीव कमी असते, भाजलेलं कळत नाही. खुर्चीत बसवताना चाकांचे ब्रेक आधी लावा.

निपाणीवाला:
तो एकजण चुकीचं सांगतोय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्र आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते, एमआरआय रिपोर्ट, डिस्चार्ज पेपर, आधार, फोटो घेऊन जायचं. ४० टक्के किंवा त्यावर लिहून आलं की पुढच्या सवलतींना उपयोग होतो. कागद कन्नडमध्ये असतात म्हणून अडू नका, तुमच्या ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी व्हीआरडब्ल्यू असतो, गावचा पुनर्वसन कार्यकर्ता, अर्ज भरून द्यायचं त्याचं कामच आहे, पेन्शनसाठी नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) कसं जायचं ते पण तोच सांगेल. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून आहे, मुंबई-पुण्याला पण आहे, बेंगलोरला पण, मराठीत बोलणारे पेशंट भेटतात. वैनींना फोनवर कुणाशी बोलावंसं वाटलं तर मला मेसेज करा, माझी बायको त्यांच्याशी बोलेल.

नंदगडकर:
सांगतो वैनीला. व्हीआरडब्ल्यूला उद्या पंचायतीत गाठतो. सिस्टर, एअर बेड विकत घ्यावा का भाड्यानं मिळतो?

स्टाफनर्स_शहापूर:
सर्जिकलच्या दुकानात दोन्ही असतात, आधी भाड्याचं विचारा. नेताना पंप तिथंच चालू करून बघा, आवाज फार येत असेल तर दुसरा मागा, त्या आवाजानं पेशंटला झोप लागत नाही. लाईट गेली की गादी बसते, खानापूर भागात पावसात तासन् तास जाते, तेव्हा खाली मूळची कापसाची गादी राहू दे आणि इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर जोडा. वर एकच पातळ सुती चादर, सुरकुती न ठेवता. डाग रोज दिवसाउजेडी बघायचा.